ज्या घराला रोगाचं नाव नको होतं

मेंदू हळूहळू झिजवणाऱ्या रोगांवर मी सगळं आयुष्य काढलं. या विषयाकडं कसे वळलात असं कुणी विचारलं, की वाचनातून गोडी लागली असं मी सांगतो. सभेत तेवढं पुरतं. पण ते खरं नाही. हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात मी एका बाईवर खोटा संशय घेतला आणि तो चार माणसांसमोर बोलून दाखवला, तिथून हे सगळं सुरू झालं.

दुसरं महायुद्ध सुरू होऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. हैदराबादला डॉक्टरकीची परीक्षा पास होऊन मी हिंगोलीला आलो होतो. आज जिल्हा आहे, तेव्हा परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं आणि राज्य निजामाचं. दवाखाना म्हणजे एक लांब पडवी, दोन खोल्या, थोड्या खाटा आणि एक कंपाउंडर. कंपाउंडर माझ्या वडिलांच्या वयाचे. माझ्याआधी तिथं आलेल्या सगळ्या डॉक्टरांना त्यांनीच काम शिकवलं होतं, आणि ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. रोगी दारातून आत यायच्या आधीच तो खरं बोलणार की नाही, हे ते मला हळूच सांगायचे. त्यांच्या मते खरं बोलणारे फार थोडे.

बाजाराच्या दिवशी सकाळी एक बैलगाडी दारात थांबली. कयाधूच्या काठच्या एका गावातले चांगले जमीनवाले लोक. गावाचं नाव मी कधीच लिहिलेलं नाही, आजही लिहिणार नाही. गाडीतून एका माणसाला दोघांनी धरून उतरवलं. वय चाळिशीच्या आत. त्याचे खांदे मधूनच उडत होते, बोटं आपोआप हलत होती, चेहऱ्यावर काही कारण नसताना हसू यायचं आणि जायचं. चालताना पाय असा टाकायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा नाचून दाखवतोय. बाजाराला निघालेली माणसं थांबून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "सकाळी सकाळीच पेला वाटतं."

"थेंबाला शिवत न्हाईत ते," मागून आलेली बाई पदराआडून म्हणाली. ती त्याची बायको. तिशीची असेल.

"तुला विचारलं का कोणी?" तिला दटावणारा माणूस रोग्याचा थोरला भाऊ होता. डोक्याला स्वच्छ पागोटं, दोन्ही हात पाठीमागं बांधलेले. तो मला बाजूला घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, चारलंय त्याला. हिचा मामा झाडपाला देतो. दोन-तीन वरीस झाले, माझा भाऊ असा व्हऊन राहिला. तुमी फकस्त कागद लिवून द्या, की विषबाधा हाये. पुढचं आमी बघतो."

मी पंचवीस वर्षांचा होतो. कॉलेजात विषांवरची व्याख्यानं मला सगळ्यात आवडलेली. मी रोग्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, हिरड्या बघितल्या. धोत्रा, पारा, सोमल, सगळी यादी डोक्यात फिरत होती. सोमलाचं मला काही दिसत नव्हतं, पाऱ्याचंही नाही. तरी मी त्या बाईकडं वळलो आणि कोर्टातल्या वकिलासारखं विचारलं, "घरात धोत्रा कुठं ठेवतेस?"

पडवीतले रोगी बोलायचे थांबले. तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं.

"धोत्रा बांधावर बी हाये अन् देवळामागं बी हाये, साहेब. मी त्यो घरात काहून ठेवीन?" आणि थोड्या वेळानं, जमिनीकडं बघत, "ह्यांच्या बापाचं काय झालं ते विचारा."

"बाप तापानं गेला," थोरला लगेच म्हणाला.

कंपाउंडर बाटल्या पुसत होते. ती माणसं पांगल्यावर ते म्हणाले, "साब, औरत ने पूछने को बोली. इनों जवाब पहले से तयार रखको बैठे थे."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. रोग्याला आठ दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं. त्याला बाहेरचं काही खायला द्यायचं नाही, बायकोनं जवळ जायचं नाही, असा हुकूम केला. चारलेलं असेल तर आठ दिवसांत उतार पडेल, असा माझा हिशोब. जेवण कंपाउंडरच्या घरून यायचं. ती बाई आठही दिवस समोरच्या लिंबाखाली बसून होती. भाकरी बांधून आणलेली असायची, दुपारी तिथंच खायची. कुणाशी बोलायची नाही. मी खिडकीतून तिच्यावर लक्ष ठेवायचो. ती फडक्याची गाठ सोडते कधी, त्यातून काय काढते, हेसुद्धा मी बघत होतो. आज हे लिहितानाही अंग चोरून घ्यावंसं वाटतं.

उतार पडला नाही. मात्र आठ दिवस रोगी डोळ्यासमोर असल्यामुळं मला दुसऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. दुपारी तो झोपला की सगळी हालचाल थांबायची. जागा झाला की पुन्हा सुरू. मी त्याला जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितलं, तर ती क्षणभर राहायची आणि आत पळायची. माझी दोन बोटं त्याच्या मुठीत दिली आणि घट्ट धर म्हटलं, तर मूठ आवळायची, सैल व्हायची, पुन्हा आवळायची. गाईची धार काढताना हात चालतो तसा. नजर, ऐकणं, ताकद जागेवर होती. फक्त त्याचं अंग त्याच्या ताब्यात नव्हतं.

माझ्याकडं मज्जातंतूंच्या रोगांवरचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, हैदराबादला जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेलं. त्यात ते जसंच्या तसं सापडलं. दीडच पान. अंग उडतं, चाल बदलते, मग स्वभाव बदलतो, मग बुद्धी जाते. तिशी-चाळिशीत सुरू होतं. औषध नाही. आई किंवा बापाकडून येतं, आणि मूल होईल त्याला ते असण्याची-नसण्याची शक्यता बरोबर निम्मी. शेवटी लिहिलं होतं, की अशी घराणी हा रोग पिढ्यान् पिढ्या लपवतात.

म्हणजे बाई खरं बोलत होती. मी बाहेर गेलो. माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "ऊन लागतंय, आत येऊन बसा." अहोजाहो केलं, तेवढंच.

ती आत आली, नवऱ्याच्या खाटेजवळ बसली, त्याच्या तोंडातून आलेली लाळ पदरानं पुसली. मग मला विचारलं, "तुमाला नाव सापडलं वाटतं?"

मी सांगितलं, विष नाही. रक्तातून येणारा रोग आहे. सासऱ्यांना असेल तर तुमचं म्हणणं बरोबर. मला वाटलं, आरोपातून सुटल्याचं तिला समाधान होईल. ती म्हणाली, "मला दोन लेकरं हायेत."

---

या रोगाचं घराणं आपल्या भागात सापडलं आहे, हे सिद्ध करायचं तर वंशावळ हवी. कोण कोणाचा मुलगा, कोण कसा मेला. मी एक वही केली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. रोग असेल तर आत काळी शाई, मेलेला असेल तर वर फुली. हे काम महिन्याभरात होईल असं मला वाटलं होतं. सहा वर्षं लागली.

कारण माझ्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. सुट्टीच्या दिवशी मी सायकलवरून त्यांच्या गावी जायचो. सरकारी डॉक्टर मेलेल्या माणसांची चौकशी काहून करून राहिला, याचा गावानं आपापल्या परीनं अर्थ लावला. कुणी म्हणे, फौजेत भरती करायला घरोघरची पोरं मोजून राहिले. कुणी म्हणे, वारस शोधून जमिनी लावायच्या आहेत. थोरला मला चहा पाजायचा, पडवीत बसवायचा आणि आत जाऊ द्यायचा नाही. "मेलेल्यांचं काय करता, साहेब? जितं माणूस बरं करता येईना तुमाला."

थोडीफार माहिती दिली ती रोग्याच्या बायकोनं. औषध न्यायला येताना ती दर वेळी एखादी गोष्ट सांगायची. मी वही उघडली की ती चौकोनावर बोट ठेवून म्हणायची, "ह्ये मामंजी. ह्ये त्यांचे चुलते, हिरीत पडून मेले म्हणतात." तिला वाचता येत नव्हतं, पण ती वही तिला माझ्याइतकीच पाठ झाली. नावं लिहायची नाहीत, अशी तिची अट होती. म्हणून मी आकडे घातले, आणि जिथं मुली दिल्या त्या गावांची नावं कडेला लिहिली. औंढा, कळमनुरी, नर्सी.

नर्सीजवळच्या एका खेड्यात रोग्याची आत्या दिली होती. म्हातारी सत्तरीची. तिच्याकडं मी देवी टोचायच्या निमित्तानं गेलो. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. मी माहेरचा विषय काढला मात्र, तिचे हात थांबले.

"कोणं पाठवलं तुला?"

"कुणी नाही. तुमच्या भाच्याला औषध देतो मी."

"औषध हाये का त्याला?"

"नाही."

"मग खरं बोलतो बापा तू." तिनं सूप बाजूला ठेवलं. "बाप माझा हालत हालत मेला. शेवटी आम्ही त्याला खाटंला बांधत व्हतो. एक बहीण सासरनं परत आणून घातली, अंगात येतं म्हणून. तिच्या अंगात काई येत नव्हतं. तिला बी त्येच." मग तिनं आपल्या मुलांबद्दल सांगितलं, ते मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. दर पाडव्याला ती तिन्ही मुलांना काठोकाठ भरलेला तांब्या हातात देऊन अंगण ओलांडायला लावायची. मुलं समजायची, देवाचं काहीतरी असेल. ती दारात बसून पाणी सांडतं का तेवढं बघायची. "सांडलं न्हाई अजून," ती म्हणाली. "माझ्या सुनांना सांगू नको."

त्या दिवसापासून मलाही तेच वेड लागलं. माणूस समोर आला की मी त्याच्या हातांकडं बघायचो. बाजारात तराजू धरणाऱ्याच्या, न्हाव्याच्या, स्वतःच्यासुद्धा. आणि अशाच एका दिवशी माझ्या ध्यानात आलं, की थोरल्या भावाचे हात मी कधी बघितलेच नाहीत. ते पाठीमागं असायचे, नाहीतर घोंगडीखाली, नाहीतर काखेत.

तो एकदा एकटाच दवाखान्यात आला. पोटात दुखतं म्हणाला. स्टुलावर बसला तो दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून. मी पोट बघितलं, काही नव्हतं. कंपाउंडर बाहेर गेल्यावर त्यानं विचारलं, "तुमच्या त्या वहीत माझा बी चौकोन असंल."

"आहे."

"कोण्या रंगाचा?"

"अजून पांढरा."

त्यानं हळूच उजवा हात बाहेर काढला आणि माझ्यापुढं धरला. मी माझी दोन बोटं त्याच्या मुठीत दिली. मूठ आवळली, सैल झाली, पुन्हा आवळली. तो माझ्या तोंडाकडंच बघत होता.

"पांढराच राहू द्या," तो म्हणाला आणि हात परत मांडीखाली घेतला.

तो गेल्यावर मला पहिल्या दिवसाचा अर्थ कळला. भावजयीनं विष चारलं असं ठरलं असतं, तर ते भावापुरतं राहिलं असतं. रक्तातलं नसतं. हा माणूस दोन-तीन वर्षं त्या बाईवर आळ घेत होता तो आपल्या हातांना घाबरून. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही.

---

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसचा काळ वाईट गेला. हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता, आम्ही अजून निजामाच्याच राज्यात. खेड्यांतली बरीच माणसं वऱ्हाडच्या हद्दीपलीकडं निघून गेली होती, हत्यारबंद टोळ्यांची भीती होती, आणि कोण कुणाचा माणूस आहे याचा अंदाज घेतल्याशिवाय लोक रामरामसुद्धा करत नव्हते. सायकलवरून गावोगाव फिरणारा डॉक्टर दोन्हीकडच्यांना नकोसा झाला. एक दिवस सकाळी शिपाई आले, दवाखान्याची झडती घेतली, आणि माझ्या टेबलातली वही उचलली.

ठाण्यावर अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, ती टेबलावर उघडून ठेवली होती. त्यांना इंग्रजी आणि मराठी वाचता येत नव्हतं. मात्र चौकोन, फुल्या आणि काळी शाई कुणालाही वाचता येते.

"डॉक्टर, ये क्या है?"

"बीमारी का शजरा है, साहब," मी म्हणालो. शजरा म्हणजे वंशावळ.

"किस खानदान का?"

मी वहीकडं बघत राहिलो.

"नाम क्यों नहीं लिखे? नंबर क्यों हैं?" त्यांनी एकेका गावाच्या नावावर बोट ठेवलं; ती नावं त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतली होती. "ये निशान यानी मरा हुआ. और ये काले? सरहद के पार गए हुए?"

मी म्हणालो, रोग्याचं नाव मी सांगू शकत नाही. त्यांना हसू आलं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही आलं असतं. दुपारपर्यंत मी बाकावर बसून होतो. मग सांगण्यात आलं, की मला परभणीला पाठवणार. परभणीला गेलेल्या दोघांची माझ्या ओळखीत नंतर काही खबर लागली नव्हती.

कंपाउंडरनी मला न विचारता त्या गावी निरोप धाडला होता. आधी थोरला आला. अमीनसाहेबांनी वही दाखवून विचारलं, हे तुमच्या घराचं आहे का? तो दाराजवळ उभा राहिला, हात पाठीमागं. "डाक्टरसाहेबांना वळखतो मी. चांगले हायेत. पण आमच्या घरात असं काई न्हाई, साहेब. आमचं घर निरोगी हाये." माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. त्याच्या भावाला त्या गावातल्या प्रत्येकानं बघितलेलं होतं, आणि तो अमिनाला सांगत होता की घर निरोगी आहे. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली. त्या बाईनं नवऱ्याला दोन शेजाऱ्यांच्या खांद्यावर घालून आत आणलं. आता त्याला धड बसता येत नव्हतं. मान एकीकडं, हात दुसरीकडं. बाकावर बसवला तर बाक हलायला लागला. अमीनसाहेबांनी आपली खुर्ची मागं सरकवली. "छूत की बीमारी है?"

"नाही," मी म्हणालो.

थोरल्या दिरासमोर त्या काळी बाई तोंड उघडत नसे. त्याच्या सावलीलासुद्धा आड जायची. तिनं पदर पुढं ओढला, टेबलाजवळ गेली आणि वहीवर बोट ठेवलं. "ह्ये माझे मालक," ती म्हणाली. "ह्ये मामंजी. ह्यो त्यांचा बाप. ही आत्याबाईंची बहीण. हिरीत पडले ते ह्ये." कंपाउंडर बाजूला उभे राहून एकेक शब्द उर्दूत सांगत होते. काळ्या चौकोनावरून काळ्या चौकोनावर तिचं बोट जात होतं, आणि दर वेळी अमीनसाहेब आधी वहीकडं आणि मग बाकावरच्या माणसाकडं बघत होते. तिच्या नवऱ्याच्या चौकोनाशेजारी एक पांढरा चौकोन होता.

"और ये?" अमीनसाहेबांनी विचारलं.

तिचं बोट थांबलं. थोरला भिंतीला टेकला होता. पाठीमागं त्याचे हात भिंतीवर घासल्याचा बारीक आवाज मला येत होता. तिला सगळं माहीत होतं; एका घरात राहणाऱ्या बाईपासून असं काय लपणार? याच माणसानं तिला विष घालणारी ठरवलं होतं, आणि आत्ता पाच मिनिटांपूर्वी मला परभणीच्या वाटेवर सोडून दिलं होतं.

"ह्ये आमचे थोरले," ती म्हणाली. "ह्ये चांगले हायेत. ह्यांना काई न्हाई."

अमीनसाहेबांनी थोरल्याकडं बराच वेळ बघितलं. मग मला जायला सांगितलं. वही मात्र ठेवून घेतली. त्यांचा पूर्ण विश्वास बसला नव्हता, आणि त्या दिवसांत कुणाचाच कशावर बसत नव्हता.

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो, "तुमचे उपकार झाले."

"तुमच्यासाठी न्हाई आले मी," ती गाडीत चढत म्हणाली. "ह्यांच्या बापाला, आज्याला कोणी तरी रोगी म्हणावं. इतकी वरसं येडे अन् दारुडे म्हणून मेले ते."

---

त्या पावसाळ्यात तिचा नवरा वारला. घास श्वासनळीत गेला, मग ताप आला, छाती भरली. शेवटचे चार दिवस मी रोज जात होतो. हे औषधापायी नव्हतं, ते तिनं ओळखलं. अशा रोग्याचा मेंदू मेल्यानंतर उघडून बघता आला तर काय दिसतं, ते मी पुस्तकात वाचलं होतं. स्वतः बघायची मला आस लागली होती. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं मला दारातच अडवलं.

"तुमी ह्यांच्या मरायची वाट बघून राहिले का, साहेब?"

मी नाही म्हणालो. तिनं मला आत येऊ दिलं, पण त्यानंतर मी बसलो असताना ती नवऱ्याच्या उशाशी हात ठेवून बसायची, मी काही उचलून नेईन अशी. तो गेला, त्याला अग्नी दिला. मी स्मशानातून परत आलो.

सप्टेंबरात भारताची फौज आली, निजामाचं राज्य गेलं. ठाण्यातले कागद कुठं गेले कुणालाच सांगता येईना. वही गेली. दिवाळीनंतर तीच बाई दवाखान्यात येऊन बसली आणि मी नवी वही काढली. दोन दुपारींत तिनं सगळी वंशावळ पुन्हा सांगितली, सहा पिढ्या, एकही आकडा चुकला नाही. थोरल्याच्या चौकोनापाशी आल्यावर मी शाईचा टाक हातात धरून थांबलो. ती म्हणाली, "त्यांना विचारा." मी विचारलं नाही. पहिल्या शोधनिबंधात तो चौकोन पांढराच छापला गेला. शास्त्राच्या दृष्टीनं तो खोटेपणा आहे, आणि तो मी जाणूनबुजून केला.

त्याच हिवाळ्यात तिच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. पंधरा वर्षांची पोरगी, हुशार, मराठी चौथी पास. स्थळ वसमतकडचं. मुलाचा चुलता एक दिवस माझ्याकडं आला, नाडी दाखवली, पाणी प्यायला आणि सहज विचारल्यासारखं बोलला, "त्या घरी तुमचं जाणं-येणं असतं म्हणे. घर कसं हाये?"

"मी रोग्यांबद्दल बाहेर बोलत नाही," मी म्हणालो. मला त्या उत्तराचा अभिमान वाटला.

"म्हंजे रोगी हायेत," तो म्हणाला आणि उठला.

आठवड्यात स्थळ मोडल्याचं कळलं. ती बाई आली. दारातच उभी राहिली.

"काय सांगितलं तुमी त्यांना?"

"काहीच नाही. शपथेवर सांगतो."

"काईच न्हाई?" तिचा आवाज वर गेला नाही. "घर चांगलं हाये, एवढं सांगता आलं नसतं का?"

मी म्हणालो, मला खोटं कसं सांगता येईल? मुलीला रोग असेल की नाही, हे मलाच माहीत नाही. निम्मी शक्यता आहे. ती म्हणाली, "मंग निम्मं तरी सांगायचं व्हतं. न होण्याचं निम्मं."

त्यानंतर ती दवाखान्यात आली नाही. उन्हाळ्यात मी पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला गेलो. त्या घराण्यावर मी पुढं तीन निबंध लिहिले आणि त्यांच्या जोरावर माझं सगळं पुढचं काम उभं राहिलं. थोरला त्याच रोगानं गेला. बाई ताप येऊन गेली. ही बातमी मला फार उशिरा कळली. तिचा मुलगा चाळिशीत पोहोचला तेव्हा त्याची चाल बदलली होती. त्याच्या खाटेशी मी बसलो होतो, आणि औषध तेव्हाही नव्हतं.

मुलीनं लग्न केलं नाही. नंतर तिला कुणी विचारलंही नाही. ती शिकली, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. तिनं मला आयुष्यात एकच पत्र पाठवलं, ती साठीच्या पुढं गेल्यावर. सुंदर, घोटीव अक्षर, एकही रेघ थरथरलेली नाही. चार ओळी. तब्येत बरी आहे, शाळेतून निवृत्त झाले, आता मला तो रोग होण्याची भीती नाही ना, कळवावे.

मी उत्तर लिहिलं, नाही, आता भीती नाही. याहून अधिक काहीतरी लिहायला हवं होतं. दोन दिवस तो कागद समोर ठेवून बसलो. मग तेवढंच पत्र टाकलं.